गणित-विज्ञानात विशेष गती असलेल्या मुलांची शाळा काढायची असेल, तर सुरुवात कोठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका तालुक्याच्या गावी अनेक वर्षे माध्यमिक शाळा चालवणाऱ्या शिक्षणसंस्थेकडे जागा आहे, देणगीदार तयार आहेत, आणि गणित व विज्ञान यांत विशेष गती असलेल्या मुलांसाठी पाचवी ते बारावीचे निवासी विद्यालय काढावे असे विश्वस्तांच्या मनात आहे. मुलांची निवड कशी करावी, काय शिकवावे, शिक्षक कोठून आणावेत आणि अशा शाळेचा मुलांना खरोखर उपयोग होतो का, हे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर आधीच सांगतो. शाळा आज काढू नये. पहिली तीन वर्षे शनिवार-रविवारी आणि सुट्टीत भरणारे गणित-विज्ञान मंडळ चालवावे, परिसरातल्या कोणत्याही शाळेतल्या मुलाला त्यात मुक्त प्रवेश द्यावा, त्या कामातून शिक्षक घडवावेत, आणि मंडळात मावेनाशी झालेली मुले समोर उभी राहिली की त्यांच्यासाठी नववीपासून पुढची लहानशी निवासी शाळा काढावी. ऑलिंपियाडच्या, म्हणजे कठीण प्रश्नांच्या शालेय स्पर्धेच्या, तयारीचे वर्ग आणि अशी मंडळे चालवण्यात माझी नोकरीची आणि त्यानंतरचीही वर्षे गेली आहेत, त्यामुळे हे मत अनुभवाचे आहे. परंतु ते माझ्या एकट्याच्या अनुभवावर उभे नाही. या प्रकारच्या ज्या शाळा जगात नावारूपाला आल्या, त्यांतल्या अनेकींचा इतिहास याच क्रमाने घडला आहे.

ज्या शाळेचे नाव या संदर्भात सर्वांत आधी घ्यावे लागते ती मॉस्कोची. ऑगस्ट १९६३ मध्ये सोव्हिएत मंत्रिमंडळाने मॉस्को, लेनिनग्राड, कीव्ह आणि नोव्होसिबिर्स्क येथे विद्यापीठांना जोडून भौतिकी-गणिताच्या निवासी शाळा काढण्याचा निर्णय घेतला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात मॉस्को विद्यापीठाची १८ क्रमांकाची निवासी शाळा सुरू झाली. तिच्यामागे दोन माणसे होती: संभाव्यतेच्या सिद्धांताला १९३३ मध्ये स्वयंसिद्धांची बैठक देणारे गणिती आंद्रेई कोल्मोगोरोव आणि भौतिकशास्त्रज्ञ इसाक किकोइन. कोल्मोगोरोव त्या वेळी साठीचे होते, जगभर त्यांचे नाव होते, आणि तरीही ते स्वतः त्या शाळेत वर्षानुवर्षे शिकवत राहिले. मुलांना घेऊन लांबवर पायी फिरायला जात आणि संध्याकाळी त्यांच्याशी संगीतावर व कवितेवर बोलत. शाळा मुख्यतः मॉस्कोबाहेरच्या, लहान शहरांतल्या आणि खेड्यांतल्या मुलांसाठी होती, कारण राजधानीतल्या मुलाला चांगल्या शाळा आणि विद्यापीठातली मंडळे हाताशी होती, दूरच्या मुलाला काहीच नव्हते.

या शाळेकडे पाहताना लोकांना कोल्मोगोरोव दिसतात. त्यामागची तीस वर्षे दिसत नाहीत. लेनिनग्राडमध्ये शालेय मुलांची पहिली गणित ऑलिंपियाड १९३४ मध्ये झाली, मॉस्कोत १९३५ मध्ये. त्याच सुमारापासून विद्यापीठातले तरुण गणिती संध्याकाळी शाळकरी मुलांना जमवून त्यांच्याकडून प्रश्न सोडवून घेत; त्या मुलांतून पुढे गणिती झाले आणि त्यांनी पुन्हा मंडळे चालवली. १९६३ मध्ये शाळा निघाली तेव्हा तिला लागणारे शिक्षक, प्रश्नांचा साठा आणि निवडीची रीत ही तिन्ही तयार होती. सायबेरियातल्या नोव्होसिबिर्स्कमध्येही १९६२ मध्ये आधी ऑलिंपियाड झाली, मग उन्हाळी शिबिर झाले आणि जानेवारी १९६३ मध्ये, म्हणजे सरकारी निर्णय होण्याच्याही आधी, शाळेचे वर्ग सुरू झाले. पॉइन्कारेचे अनुमान सिद्ध करणारे ग्रिगोरी पेरेलमान हे लेनिनग्राडच्या २३९ क्रमांकाच्या शाळेचे विद्यार्थी म्हणून सांगितले जातात, आणि ते खरेच आहे. पण त्या शाळेत जाण्याच्या कितीतरी आधीपासून ते शहरातल्या पायोनियर भवनात, म्हणजे मुलांच्या शाळेबाहेरच्या उपक्रमांच्या केंद्रात, सर्गेई रुक्शिन यांच्या गणित मंडळात बसत होते. आपल्याकडचे उदाहरण पुण्याचे आहे. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती इतर शाळांत शिकणाऱ्या बुद्धिमान मुलांना शाळेबाहेरच्या वेळात मार्गदर्शन देण्यासाठी. स्वतःची प्रशाला निघाली १९६९ मध्ये. त्या प्रशालेचा हेतू गणित-विज्ञानापुरता नाही, तो अधिक व्यापक आहे, पण क्रम तोच आहे.

पाचवीपासून निवासी शाळा काढण्याला माझा विरोध आहे, आणि त्याचे कारण मुलाच्या वयात आहे. दहा वर्षांच्या मुलाची हिशेबातली चपळाई आपल्याला दिसते. ती पुढे गणिताच्या ओढीत बदलेल की नाही, हे त्या वयात कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. मॉस्कोची शाळा शेवटच्या दोन इयत्तांची होती. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्याने डरॅम शहरातल्या एका जुन्या रुग्णालयाच्या इमारतींत १९८० मध्ये सुरू केलेली निवासी शाळा अकरावी-बारावीची आहे, आणि नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ लिऑन लेडरमन यांच्या पुढाकाराने इलिनॉय राज्यातल्या ऑरोरा येथे १९८६ मध्ये उघडलेली शाळा दहावी ते बारावीची आहे. आपल्याकडची नवोदय विद्यालये सहावीपासून मुले घेतात, हे खरे. देशातल्या पहिल्या दोनांपैकी एक तर आपल्या अमरावतीचेच. पण नवोदय ही ग्रामीण भागातल्या हुशार मुलांना सर्वांगीण शिक्षण देणारी शाळा आहे, तिथे गेलेल्या मुलाचे मन पुढे इतिहासाकडे किंवा चित्रकलेकडे वळले तरी त्याला आपण चुकीच्या जागी आलो असे वाटण्याचे कारण नसते. एकाच विषयासाठी निवडून आणलेल्या मुलाला मात्र तसे वाटते, आणि ते ओझे दहाव्या वर्षी त्याच्यावर टाकू नये.

आता निवडीचा प्रश्न. तुम्ही प्रवेश परीक्षा जाहीर केली की वर्षभरात त्या परीक्षेचे क्लास निघतील आणि मार्गदर्शिका छापल्या जातील, हे गृहीत धरा. शिष्यवृत्ती परीक्षेचे हे झाले आहे. मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाच्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची लेखी फेरीही त्यातून सुटलेली नाही, मात्र त्या स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत असे टप्पे आहेत, आणि मुलाचे खरे रूप कळते ते या टप्प्यांत, असे माझे निरीक्षण आहे. दुसरी अडचण अशी की इयत्तेच्या पातळीवरच्या परीक्षेत सगळी हुशार मुले वरच्या टोकाला दाटीने बसतात. अठ्ठ्याण्णव गुणांच्या मुलात आणि शंभर गुणांच्या मुलात फरक असतो तो बहुधा सवयीचा, समजेचा नव्हे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅनली यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९७१ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात यावर एक सरळ उपाय केला: बारा-तेरा वर्षांच्या मुलांना त्यांनी सतरा-अठरा वर्षांच्या मुलांसाठी असलेली महाविद्यालयीन प्रवेशाची सॅट परीक्षा द्यायला लावली, आणि एरवी सारखी दिसणारी मुले दूरदूर पसरलेली दिसली.

तरीही मी कोणत्याही एका परीक्षेवर निवड करणार नाही. १९६३ च्या उन्हाळ्यात कोल्मोगोरोव यांनी मॉस्कोजवळच्या क्रास्नोविदोवो येथे शिबिर घेतले. ऑलिंपियाडमधून पुढे आलेली मुले तिथे व्याख्याने ऐकत, प्रश्न सोडवत, आणि त्यांच्याबरोबर काम करतानाच शिक्षकांना कळत गेले की कोणाला शाळेत घ्यावे. शिकवणे हीच निवड, ही रीत मला सर्वांत प्रामाणिक वाटते. मंडळात तीन वर्षे मुलाला जवळून पाहिल्यावर प्रवेश परीक्षेची गरजच फारशी उरत नाही. काय पाहायचे, हे एका तासाच्या उदाहरणाने सांगतो.

सातवीच्या मुलांना मी १ ला ७ ने भागायला सांगतो, दशांशात, आणि भागाकार थांबवू नका म्हणून सांगतो. ०.१४२८५७ येते आणि तेच सहा अंक पुन्हा पुन्हा येत राहतात. मग ११, १३, १७ आणि ३७ या मूळ संख्यांनी भागायला सांगतो, आणि आवर्ती अंक किती आले याचा तक्ता फळ्यावर करतो: ७ साठी ६, ११ साठी २, १३ साठी ६, १७ साठी १६, ३७ साठी ३. इथपर्यंत सगळी मुले येतात. काही मुले तक्ता पूर्ण झाला की पेन खाली ठेवतात आणि पुढचे गणित काय, असे विचारतात. काही मुले मात्र तक्त्याकडे पाहत राहतात. त्यांतले एखादे म्हणते की आवर्तनाची लांबी ही भाजकापेक्षा एकने कमी असलेल्या संख्येचा विभाजक दिसते: ७ साठी ६ तर ६ च आहेत, पण १३ साठी १२ चा निम्मा, ३७ साठी ३६ चा बारावा भाग. हे कोणी म्हटले की मी लगेच हो म्हणत नाही. आणखी एक मूळ संख्या घेऊन ताडून पाहा, एवढेच सांगतो. ४१ घेतले तर ५ येतात, आणि ४० ला ५ ने भाग जातो.

मग कारण शोधायचे. इथे अंक सोडून बाक्यांकडे पाहावे लागते, आणि ही नजर ज्याला स्वतःहून येते ते मूल माझ्या लक्षात राहते. १ ला १३ ने भागताना बाक्या येतात १, १०, ९, १२, ३, ४, आणि पुन्हा १. बाकी १ ते १२ यांपैकीच असणार, म्हणजे कधीतरी ती पुन्हा येणारच. आवर्तन का होते, हे इथे सुटले. पण बारांपैकी सहाच बाक्या आल्या, उरलेल्या सहा कुठे गेल्या? २ ला १३ ने भागून पाहिले की बाक्या येतात २, ७, ५, ११, ६, ८, आणि पुन्हा २. उरलेल्या सहा बरोबर इथे आहेत. दोन साखळ्या, दोन्ही सहा-सहांच्या, एकमेकींत न मिसळणाऱ्या, आणि दोन्ही मिळून बारा. दुसरी साखळी पहिलीच्या दुपटीने तयार झाली आहे, म्हणून तिची लांबी तेवढीच असली पाहिजे, हे एखाद्या मुलीने स्वतःच्या शब्दांत मांडले, तर तिने विद्यापीठात लाग्रांजचे प्रमेय म्हणून शिकवल्या जाणाऱ्या गोष्टीचा गाभा सातवीत हाताळलेला असतो. शेवटी मी त्यांना सांगतो की ७, १७, १९, २३, २९ या मूळ संख्यांसाठी आवर्तन पूर्ण लांबीचे येते, आणि अशा मूळ संख्या अनंत आहेत का, हे आजही कोणाला सिद्ध करता आलेले नाही. एमिल आर्टिन यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या अनुमानाचा तो भाग आहे. भागाकारापासून निघून एका तासात न सुटलेल्या प्रश्नापर्यंत पोहोचता येते, हे कळल्यावर काही मुलांचे चेहरे बदलतात. निवड त्या चेहऱ्यांची करायची. सर्वांत आधी उत्तर देणारे मूल त्यांत असेलच असे नाही.

अभ्यासक्रमाचे माझे म्हणणे याच तासातून निघते. आपल्याकडे हुशार मुलासाठी वेगळे काही करायचे म्हणजे त्याचा पोर्शन लवकर संपवायचा, असा अर्थ घेतला जातो. आठवीच्या मुलाला अकरावीची त्रिकोणमिती, नववीत कलन, फाउंडेशनच्या बॅचमध्ये सूत्रांची वही. मुलाला पुढे नेणे सर्वस्वी वाईट आहे असे मी म्हणणार नाही. स्टॅनली यांच्या प्रकल्पातल्या मुलांचा पुढे कित्येक दशके मागोवा घेतला गेला आहे, आणि ज्यांना लवकर वरच्या वर्गात नेले त्यांचे त्याने नुकसान झाल्याचे आढळले नाही. पण तिथे मुलाची भूक आधी होती आणि वेग तिच्यामागून आला. ज्या मुलाने सूत्र कोठून आले हे कधी विचारलेच नाही, त्याला पुढच्या इयत्तेचे सूत्र दोन वर्षे आधी देऊन काय साधणार? मॉस्कोच्या शाळेत गणिती व्लादिमीर आर्नोल्ड यांनी १९६३-६४ मध्ये शाळकरी मुलांसमोर व्याख्यानमाला दिली. पाचव्या घाताच्या सर्वसाधारण समीकरणाची उकल करणींच्या (वर्गमूळ, घनमूळ अशा मुळांच्या) साहाय्याने मांडता येत नाही, या एकाच प्रमेयाकडे ती सगळी नेणारी होती, आणि वाटेत लागणाऱ्या कल्पना मुलांनी प्रश्न सोडवत सोडवत स्वतः उभ्या करायच्या होत्या. त्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने पुढे त्यावरून पुस्तक लिहिले. मुलांना जड जाईल म्हणून आर्नोल्ड यांनी विषय सोपा केला नाही, त्यांनी वेळ भरपूर दिला.

विज्ञानाच्या बाबतीत महागड्या प्रयोगशाळेचा आग्रह सुरुवातीला सोडून द्यावा. एक मीटर दोरी, एक वजन आणि मोबाइलमधले स्टॉपवॉच एवढ्या साहित्यावर मी मुलांना आठवडेभर गुंतलेले पाहिले आहे. दोलकाचा आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ, झोक्याच्या रुंदीवर अवलंबून नसतो, असे पाठ्यपुस्तक सांगते. लहान झोक्यासाठी ते पुरेसे खरे आहे. दोलक साठ अंशांपर्यंत ओढून सोडला तर आवर्तकाल सुमारे सात टक्क्यांनी वाढतो, म्हणजे दोन सेकंदांच्या दोलकात एका आवर्तनामागे सुमारे पंधरा शतांश सेकंदाचा फरक. तो एका आवर्तनात हाताने मोजता येत नाही, पाच आवर्तनांत मोजता येऊ लागतो, आणि जास्त आवर्तने घेतली तर हवेच्या रोधाने झोका लहान होऊन फरक पुसट होतो. मग किती आवर्तने घ्यावीत? बटण दाबण्यात होणारी चूक किती? एकच माप पुन्हा पुन्हा घेतले तर ती चूक कमी होते का? पुस्तकातले वाक्य कोणत्या अटीवर खरे आहे, हे ज्या मुलाने स्वतः मोजून ठरवले, त्याला विज्ञान म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. इलिनॉयच्या शाळेने आठवड्यातला बुधवार नेहमीच्या तासांतून मोकळा करून मुलांच्या स्वतःच्या शोधकामासाठी ठेवण्याची प्रथा पाडली. आपल्या वेळापत्रकात असा एक सलग दिवस बसवता आला, तर तो प्रयोगशाळेच्या इमारतीपेक्षा अधिक मोलाचा ठरेल.

सर्वांत अवघड बाब शिक्षकांची आहे, आणि देणगीदारांशी बोलताना हीच आधी मांडावी. गणितात विशेष गती असलेल्या मुलासमोर असा माणूस उभा राहावा लागतो, जो स्वतः अजून प्रश्न सोडवत असतो, ज्याला उत्तर माहीत नसले तर मुलाबरोबर बसून शोधण्यात कमीपणा वाटत नाही. असा माणूस तुमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत कदाचित आधीच असेल. देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांची ६१७४ ही संख्या आज जगभरचे गणितप्रेमी ओळखतात. त्यांच्या परिसरातल्या किती जणांनी त्यांच्या कामाची दखल वेळेवर घेतली, याचा विचार शिक्षणसंस्था चालवणाऱ्या प्रत्येकाने करावा. बाहेरून आणायचे म्हटले तर कायम नेमणुकीला बी.एड.ची अट आड येते, त्यामुळे अभ्यागत म्हणून येणाऱ्यांची व्यवस्था करावी: जवळच्या महाविद्यालयातले प्राध्यापक, निवृत्त अभियंते, एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करणारी मुले-मुली. पुण्याची आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आणि आयुका हे खगोलशास्त्राचे केंद्र, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, तिच्याच छत्राखालचे मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, आणि गणिती श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये पुण्यात स्थापन केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान, इतक्या संस्था दिवसभराच्या अंतरात असणे हे महाराष्ट्राचे भाग्य आहे. तिथल्या संशोधक विद्यार्थ्यांना प्रवासखर्च, राहण्याची चांगली सोय आणि सन्मानाचे मानधन दिले, तर महिन्यातून दोनदा येणारे निश्चित सापडतात.

शिकवण्याची एक पद्धत मात्र मी आग्रहाने सुचवतो. मॉस्कोतल्या निकोलाय कॉन्स्तांतिनोव यांनी शाळांतल्या गणित वर्गांसाठी ती रुजवली. मुलांना व्याख्यान देण्याऐवजी प्रश्नांचा एक कागद द्यायचा. त्यात व्याख्या असतात, सोपे प्रश्न असतात, आणि ओळीने सोडवत गेले की एखादे प्रमेयच उभे राहते. मूल प्रश्न सोडवते, हात वर करते, आणि वर्गात असलेल्या अनेक शिक्षकांपैकी एक जण त्याच्याजवळ बसून त्याचे स्पष्टीकरण तोंडी ऐकतो. जिथे युक्तिवाद सैल असेल तिथे थांबवतो, आणि पटले तरच त्या प्रश्नापुढे खूण करतो. प्रत्येक मुलाचा वेग वेगळा राहतो, कोणी कोणाची वाट पाहत नाही, आणि आपले म्हणणे दुसऱ्याला पटेल असे मांडण्याची सवय लागते. यासाठी वर्गात एकाच वेळी चार-पाच जण लागतात, आणि ते मिळतात कारण मागच्या तुकड्यांतली मुले परत येऊन ऐकायला बसतात. म्हणूनच मंडळ आधी हवे, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. तीन वर्षांपूर्वी तुमच्याकडे आठवीत असलेली मुलगी आज अकरावीत असेल आणि रविवारी सातवीच्या मुलांचे प्रश्न ऐकत बसेल, तेव्हा तुमच्या शाळेचा पहिला शिक्षक तयार झाला असे समजावे. कागद मराठीत लिहावेत. सेमी-इंग्रजीच्या मुलांना त्याने काही अडत नाही, आणि मराठी माध्यमाच्या मुलाला पहिल्याच दिवशी भाषेपाशी ठेच लागत नाही.

अशा शाळेचा उपयोग होतो का, या प्रश्नाला सरळ हो म्हणणे मला योग्य वाटत नाही. बोस्टन आणि न्यूयॉर्कमधल्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या नामांकित सरकारी शाळांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले जोशुआ अँग्रिस्ट त्याच्या लेखकांपैकी एक होते. प्रवेशाच्या रेषेच्या जेमतेम वर राहिलेल्या आणि जेमतेम खाली राहिलेल्या मुलांची त्यांनी तुलना केली, आणि पुढच्या परीक्षांतल्या गुणांत दोघांत फारसा फरक आढळला नाही. म्हणजे शाळेच्या भिंतीवर लावलेल्या यशस्वी विद्यार्थ्यांच्या यादीचे श्रेय बऱ्याच अंशी निवडीचे असते. या निष्कर्षाने निराश होण्याचे कारण नाही, कारण त्या तुलनेत परीक्षेचे गुण मोजले आहेत, आणि गुण वाढवण्यासाठी अशी शाळा काढायचीच नसते. पण जाहिरातीत गुणांचे, निकालाचे किंवा जेईईच्या क्रमांकाचे आश्वासन देण्याचा मोह झाला, तर हा अभ्यास समोर ठेवावा.

जेईईचा विषय निघालाच आहे, तर तोही स्पष्ट बोलावा. आपल्याकडे अकरावी-बारावीची दोन वर्षे इंटिग्रेटेड कॉलेजांनी आणि क्लासांनी व्यापली आहेत. तुमच्या शाळेत आलेल्या मुलांनाही ती परीक्षा द्यायची असेल, आणि त्यात गैर काही नाही. शाळेने सराव परीक्षांसाठी ठरावीक वेळ द्यावा आणि बाकीच्या वेळेत तिला शिरू देऊ नये. हे पालकांना प्रवेशाच्या वेळी लेखी सांगावे. ज्यांना ते मान्य नसेल त्यांनी दुसरी शाळा निवडली तर दोघांचेही भले होते.

वसतिगृहाबद्दल एक काळजी मनापासून कळवतो. गावात कायम पहिले येणारे मूल तुमच्याकडे येते आणि पहिल्या महिन्यात विसावे असते. ऑस्ट्रेलियात काम केलेले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकापासून दाखवून दिले आहे की सारखीच क्षमता असलेल्या मुलांत, जे अधिक हुशार मुलांच्या शाळेत जाते त्याची स्वतःच्या क्षमतेबद्दलची समजूत खालावते. मी हे प्रत्यक्ष पाहिले आहे. मूल प्रश्न विचारणे थांबवते, चुकण्याच्या भीतीने वही झाकून ठेवते, आणि घरी फोनवर सगळे छान आहे असे सांगते. म्हणून पहिल्या वर्षी वर्गात क्रमांक लावू नयेत, गुणांची यादी लावू नये, आणि मुलांमध्ये राहणारा एक समंजस मोठा माणूस असा असावा ज्याचा अभ्यासाशी काही संबंध नसेल. भाषा, खेळ आणि संगीत यांचे तास कापून गणिताला देऊ नयेत. मुलींसाठी वसतिगृहाची सोय आणि सुरक्षितता पहिल्या दिवसापासून उत्तम हवी, कारण तिथे जरा कमी पडले तरी पालक मुलीला मागे ठेवतात, आणि मग अशा शाळा नुसत्या मुलांच्याच होऊन बसतात. एका गोष्टीत नॉर्थ कॅरोलायनाचे अनुकरण करण्यासारखे आहे: तिथे जागांचे वाटप करताना राज्यातल्या अमेरिकी संसदेच्या प्रत्येक मतदारसंघाचा विचार होतो. तुम्ही तालुक्यातल्या प्रत्येक केंद्रशाळेच्या परिसरातून निदान काही मुले मंडळात येतील असे पाहावे, त्यासाठी बसभाडे द्यावे लागले तरी द्यावे.

ज्यांची निवड होणार नाही त्यांचे काय, हे कोणी विचारलेले नाही, पण माझ्या मते शाळेची किंमत यावरच ठरते. गणिती इस्राएल गेलफांड यांनी १९६४ मध्ये सोव्हिएत संघात पत्रद्वारा चालणारी गणिताची शाळा सुरू केली. खेड्यांतल्या मुलांना टपालाने प्रश्न जात, ती उत्तरे पाठवत, आणि विद्यापीठातले विद्यार्थी प्रत्येक वही तपासून शेरे लिहून परत पाठवत. त्यात एक फार सुंदर तरतूद होती: एखाद्या गावातल्या शिक्षकाने मुलांचा गट जमवला, तर तो सगळा गट मिळून एकच विद्यार्थी म्हणून नाव नोंदवू शकत असे, सगळ्यांनी मिळून प्रश्न सोडवायचे आणि एक वही पाठवायची. त्यामुळे मुलांबरोबर त्या गावचा शिक्षकही शिकत असे. आपल्याकडे आज टपालाचीही गरज नाही. वहीच्या पानाचा फोटो मोबाइलवर येतो. पण शेरा लिहून परत पाठवणारा माणूस आजही लागतो, आणि त्याला मानधन द्यावे लागते.

म्हणून पहिल्या तीन वर्षांचा खर्च असा धरावा: अभ्यागतांचा प्रवास व मानधन, मुलांचे बसभाडे आणि दुपारचे जेवण, वह्या तपासणाऱ्यांचे मानधन, उन्हाळ्यातले दोन आठवड्यांचे निवासी शिबिर, आणि एक चांगले ग्रंथालय. वर्ग तुमच्या शाळेचे आहेतच, रविवारी ते रिकामे असतात. देणगीदाराला आपल्या नावाची इमारत हवी असते, हे मला ठाऊक आहे, त्यांना त्यांच्या नावाचे उन्हाळी शिबिर सुचवून पाहा. तिसऱ्या शिबिरानंतर जमलेल्या शिक्षकांनी आणि मोठ्या मुलांनी बसून ठरवावे की नववीच्या पहिल्या तुकडीला पुरतील इतकी मुले आणि त्यांना शिकवतील इतकी माणसे आपल्याकडे आहेत का. असतील तर बांधकामाचे बोलावे. नसतील तर मंडळ आणखी दोन वर्षे चालवावे. त्या दोन वर्षांत आलेल्या मुलांचे त्यात काहीही कमी होणार नाही.